तो 'शिकारीचा कारखाना' माझा आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या शहर पुरवणीत 'नाशकात बनतंय शिकार शोधणारं यंत्र' अशी बातमी आली. पाठोपाठ वाचकांची तीन पत्रंही छापून आली. त्यातल्या एकात 'रामाच्या भूमीत हिंसेचा कारखाना' असे शब्द आहेत. तो कारखाना माझा. सिडकोतल्या घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे, त्यात एक सोल्डरिंग स्टेशन, एक जुना ऑसिलोस्कोप, आणि कामगार म्हणाल तर मी आणि शनिवारी येणारी इंजिनिअरिंगची दोन मुलं. मुलांनी कौतुकाने कुणाला तरी सांगितलं, ते वार्ताहरापर्यंत गेलं आणि मला एक फोन न करता छापून आलं. त्याबद्दल फार तक्रार नाही. पण बातमीच्या मथळ्यात एक चूक आहे (यंत्र शिकार शोधत नाही, बाण लागलेलं जनावर शोधतं) आणि त्या चुकीमुळे माझ्याकडे भलतेच फोन येऊ लागले आहेत, म्हणून हे पत्र. लांबलं तर रेडिओचा भाग कापा, फोनचा ठेवा.

माझं वय ६७. अंबडच्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात नोकरी झाली. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवण्याचा, परवाना तरुणपणापासून आहे. आमच्या या छंदात 'फॉक्स हंट' नावाचा खेळ असतो. एकाने छोटा ट्रान्समीटर लपवायचा, बाकीच्यांनी अँटेना घेऊन शोधायचा. लपवलेल्या ट्रान्समीटरला 'कोल्हा' म्हणतात. पांडवलेण्याच्या पायथ्याशी घायपाताच्या बेटात लपवलेले असे कोल्हे मी पुष्कळ पकडले. आयुष्यात केलेली शिकार एवढीच.

आता रामाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. रामाने मारीचाला बाण मारला तो तिथे, असं तिकडचे लोक सांगतात. त्या गोष्टीत बाण लागल्यावर हरीण ओरडतं, 'हा सीते, हा लक्ष्मणा'. मारीच राक्षस होता म्हणून ओरडला. खरं हरीण ओरडून पत्ता सांगत नाही. ते पळतं, झाडीत शिरतं आणि गप्प पडून राहतं. माझ्या यंत्राची सगळी कथा त्या गप्प पडण्यापासून सुरू होते.

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. तिकडे पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं आणि त्याची धनुष्यबाणाने शिकार कायद्याने होते. परवाना काढावा लागतो, हंगाम सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतो. भाच्याचा शेजारी असा शिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने संध्याकाळी एका मादीला बाण मारला. मागोमाग पाऊस आला आणि रक्ताचा माग धुऊन गेला. चौथ्या दिवशी कावळ्यांमुळे ती सापडली, घरापासून तीनशे पावलांवर. त्या माणसाने पुढचा हंगाम धनुष्याला हात लावला नाही म्हणे. मग एके रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्ही कोल्हा शोधायचात ना? तसलं काहीतरी बाणाला लावता येईल का?"

मी आधी नाही म्हणालो. मग विचारलं, बाण लागल्यावर हरीण लगेच पडत नाही का? मला वाटायचं, बाण लागला की खेळ संपला, रामायण मालिकेत दाखवायचे तसा. तसं नसतं. बंदुकीची गोळी आतले भाग फोडून मारते, बाण रक्तस्रावाने. वस्तऱ्यासारखी पाती फुफ्फुसांतून आरपार गेली तरी हरीण शंभरेक मीटर पळून मग कोसळतं. नेम चुकून बाण पोटात गेला तर ते कित्येक तास जिवंत राहतं, आणि कुणी मागे लागलं तर आणखी लांब जातं. म्हणून जाणते शिकारी बाण सोडल्यावर निदान अर्धा तास जागचे हलत नाहीत. पोटात लागल्याचा संशय आला तर सहा-आठ तास थांबतात आणि मगच माग काढतात.

तेव्हा बातमीतली चूक ही, संपादक महाशय. हे यंत्र शिकार शोधून देत नाही. जंगलात हरीण कुठे आहे ते त्याला कळतच नाही. बाण लागेपर्यंत ते मुकं असतं, आणि लागल्यावर जखमी जनावर कुठे आहे एवढंच सांगतं.

काम हातात घेतलं तेव्हा वाटलं होतं, महिनाभराचा खेळ आहे. चौदा महिने झाले. पहिली अडचण वजनाची. तिकडे बाण 'ग्रेन'मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे आपली साधारण अर्धी गुंज. शिकारीचा बाण चारशे ग्रेनच्या आसपास, म्हणजे सव्वीस ग्रॅम, सव्वादोन तोळे. त्यातलं नुसतं पातं शंभर ग्रेनचं. एवढ्याशा बाणावर पाच ग्रॅम जरी चढवले तरी तो आधीच मान टाकतो. सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या सोनाराकडून जुना काटा आणला आणि त्यावर सोल्डरचा थेंबसुद्धा तोलून लावला. घड्याळातला गोल सेल बाणापेक्षा रुंद भरतो. शेवटी मासेमारीच्या गळाच्या तरंगत्या दिव्यात असतो तो काडीसारखा लिथियम सेल घेतला. वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, क्षमता २५ मिलिअँपिअर-तास. सगळं मिळून अडीच ग्रॅमवर आलं.

दुसरी अडचण धक्क्याची. कंपाउंड म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्यातून बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटतो, आणि हा वेग तो जेमतेम अर्ध्या मीटरच्या प्रवासात पकडतो. गणित करून पाहा, गुरुत्वाकर्षणाच्या सातशेपट धक्का बसतो. थांबताना त्याहून जास्त. ओळखीची एक मुलगी कंपाउंड धनुष्य खेळते. तिच्या प्रशिक्षकांची परवानगी काढून फोमच्या टार्गेटवर बाण मारून घेतले. पहिले तीन बोर्ड मेले. मी क्रिस्टलवर संशय घेऊन बसलो होतो, पण दोष सेलच्या स्प्रिंगचा निघाला. धक्क्याच्या क्षणी ती एक निमिष सुटायची आणि मायक्रोकंट्रोलर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. स्प्रिंग काढून सेलला पट्ट्या डाग देऊन जोडल्या, शेजारी एक कपॅसिटर ठेवला, वरून सगळं अराल्डाइटमध्ये बुडवलं. चौथा बोर्ड अजून जिवंत आहे.

रेडिओबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर सौ. म्हणते तसं मी थांबत नाही. जीपीएस बसवा असं सगळेच सुचवतात. जीपीएसला आकाश दिसावं लागतं आणि तो एवढासा सेल तासाभरात पिऊन टाकतो. ब्लूटूथ ओल्या मांसात बुडतं. म्हणून आमच्या कोल्ह्याचीच युक्ती वापरली. सेकंदाला एक, वीस मिलिसेकंदांची रेडिओची शिट्टी. ती नुसत्या कानाला नाही, अँटेनाला ऐकू येते. त्यात सेल पाच दिवस पुरतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, अमेरिकेत ९०२ ते ९२८. अंतर फार नाही, म्हणून चाचण्या इथे केल्या. तिकडे पाठवताना अँटेनाची तार चार-पाच मिलिमीटर आखूड करायची. बाण कार्बनचा असतो आणि कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे ट्रान्समीटर नळीत ठेवला की आवाज कोंडतो. मग तो बाहेर आणला, पात्याच्या मागे चिमट्यासारखा, आणि गिटारची पहिली तार शेपटीसारखी लावली. ऐकण्यासाठी पीव्हीसी पाइपावर मोजपट्टीचे वीतभर तुकडे बांधून यागी अँटेना केली, म्हणजे जिकडे रोखाल तिकडचंच जोरात ऐकणारी. झुडपात अडकली तरी वाकते, तुटत नाही. हॅम मंडळी हे फार वर्षांपासून करतात, शोध माझा नाही.

मग मांसातली चाचणी. जुन्या नाशकातल्या खाटकाकडून बकऱ्याची अडीच किलोची मांडी आणली, यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत खुपसलं आणि मांडी गच्चीवर ठेवून मी अँटेना घेऊन गल्लोगल्ली फिरलो. मोकळ्यावर सहाशे मीटरवर ऐकू येणारी शिट्टी मांसातून दीडशेवर आली. म्हणजे यंत्र शरीराच्या आत नको, कातडीवर बाहेर हवं. गच्चीवर मांडी आणि खाली रस्त्यात अँटेना रोखून उभा असलेला म्हातारा पाहून शेजाऱ्यांनी काय ते ठरवलं असेल. मांडीचं पुढे काय झालं हे माळकरी सौ.ने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

इथपर्यंत मजा होती. खरी झोप उडवली ती पुढच्या प्रश्नाने. चांगला लागलेला बाण हरणातून आरपार जाऊन पलीकडे मातीत पडतो. ट्रान्समीटर बाणावरच राहिला तर आपण इमानदारीत बाण शोधू, हरीण नाही. म्हणून चिमटा लागताक्षणी बाणापासून सुटला पाहिजे आणि कातडीला धरून राहिला पाहिजे. तो सुटताना एक बारीक तांब्याची तार तुटते आणि त्या क्षणी शिट्टी सुरू होते, एवढं जमलं. पण धरून राहायला आकडा लागतो. आता समजा, बाण फुफ्फुसात न लागता खांद्याच्या मांसात लागला. अशी हरणं पुष्कळदा बरी होतात म्हणतात. जखम भरली, सेल संपला, पण माझ्या हातचा आकडा त्या जनावराच्या कातडीत वर्षानुवर्षं राहणार. कुजणार, चिघळणार. हे डोक्यात आलं तेव्हा मी महिनाभर शेडचं कुलूप काढलं नाही.

उत्तर वन्यजीव अभ्यासकांकडून मिळालं. आपल्याकडे २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या बिबट्याला वनखात्याने आणि डॉ. विद्या अत्रेय यांच्या चमूने जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. 'आजोबा' असं त्याचं नाव ठेवलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. ते वाचताना माझं लक्ष बिबट्यापेक्षा कॉलरकडे होतं, हा धंद्याचा दोष. अशा कॉलरमध्ये पुष्कळदा सुती किंवा चामड्याचा एक दुवा मुद्दाम ठेवतात. तो ऊनपावसाने कुजतो आणि कॉलर आपोआप गळून पडते. मी आकड्याच्या जागी दोन बोथट पाय केले आणि ते सुती दोऱ्याने बांधले. दोरा तुटला की पाय मिटतात. दोरे मिठाच्या पाण्याच्या डब्यांत गच्चीवर ठेवले, कोणता किती दिवसांत तुटतो ते वहीत लिहिलं. आणखी एक गोष्ट त्यांच्याचकडून उचलली. जनावर हलत असेल तर शिट्टी सावकाश, बराच वेळ निपचित असेल तर दुप्पट वेगाने. म्हणजे शिकाऱ्याने मागे धावायचं नाही. झाडाखाली बसून ऐकायचं आणि शिट्टी जलद झाल्यावरच उठायचं.

एका वाचकाने विचारलं आहे की एवढी बुद्धी बिबट्यांसाठी का नाही खर्च केली. अहो, बिबट्याला कॉलर लावायची तर तो बेशुद्ध करावा लागतो. ते वनखात्याचं आणि पशुवैद्यकाचं काम. मी माझ्या शेडमधून बिबट्याला काही लावायला निघालो तर बातमी वेगळ्याच पानावर येईल.

अहिंसेचं पत्र लिहिणाऱ्या वाचकाशी माझं भांडण नाही. मलाही हरीण मारावंसं वाटत नाही. पण यंत्र नसलं म्हणून तिकडचा बाण सुटायचा थांबत नाही. आणि आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद असली तरी जनावर घायाळ करणं कुठे थांबलं आहे? उसाच्या कडेला सोडलेली विजेची तार, डुकरासाठी पिठात लपवलेला गावठी बॉम्ब. जबडा फुटलेलं डुक्कर चार दिवस तडफडतं, त्याचा माग काढायला कुणी जात नाही. त्यावर पत्रं आलेली मला आठवत नाहीत.

आता माझा आणि भाच्याचा वाद सांगतो, कारण मला त्यावर वाचकांचं मत हवं आहे. शेजाऱ्याला यंत्र आवडलं. त्याच्या ओळखीचा एक दुकानदार म्हणाला, पाचशे तयार करा, पण रेंज दोन मैल हवी. तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. सेल थोडा मोठा, शिट्टी लांब आणि संथ, दीड-दोन ग्रॅम वाढतील. मी नाही म्हणालो. मोकळ्यावर सहाशे मीटर, त्याच्या पुढे नाही.

भाचा म्हणतो, "मामा, रेंज वाढली तर जास्त हरणं सापडतील, कमी तडफडतील. तुमचाच मुद्दा आहे हा." ऐकायला बरोबर वाटतं. पण माझ्या डोळ्यांपुढे बाण सोडणारा माणूस येतो. आज तो वीस यार्डांवर हरीण येईपर्यंत श्वास रोखून बसतो, कारण चुकलं तर ते सापडायचं नाही ही भीती त्याच्या बोटांत असते. धनुष्याचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी हरणाच्या कानावर पोचतो आणि ते दचकून खाली दबतं. वीस यार्डांवर त्याला दबायला वेळ मिळत नाही. साठ यार्डांवर बाणाला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात फुफ्फुस बाणाच्या वाटेवरून हललेलं असतं. खिशात दोन मैलांचं यंत्र असेल तर मनुष्य म्हणेल, सोडून तर बघू, लागला कुठेही तरी सापडेलच. रेंज वाढली की नेम सैल होतो, असं माझं म्हणणं. सापडणाऱ्या हरणांबरोबर शोधावी लागणारी हरणंही वाढणार.

गंमत अशी की तिकडचे जुने शिकारीही हेच म्हणतात. पोप अँड यंग क्लब म्हणून त्यांची संस्था आहे, १९६१ पासूनची. सॅक्स्टन पोप हा कॅलिफोर्नियातला डॉक्टर. ज्याची सगळी जमात संपली अशा इशी नावाच्या आदिवासीकडून तो धनुष्य शिकला. या क्लबच्या नोंदवहीत धनुष्याला किंवा बाणाला इलेक्ट्रॉनिक वस्तू लावून केलेली शिकार धरत नाहीत. बाणाच्या खाचेतला छोटा दिवा अलीकडे चालवून घेतात. काही राज्यांत तर असलं काही बाणाला लावायला कायद्यानेच बंदी आहे. शेजाऱ्याला मी आधी तिकडचा नियम बघायला सांगितलं आहे.

दिवा म्हटल्यावर आठवलं. सध्या पौषात संध्याकाळी गच्चीवर गेलं की पूर्वेला मृग दिसतो. पोटात तीन ताऱ्यांचा बाण, मागे व्याध. लहानपणी आजी दाखवायची. तो बाण अजून निघाला नाही आणि हरीण अजून पडलं नाही, हे मला या वर्षी पहिल्यांदा जाणवलं.

आता फोनचं. बातमीनंतर मला सहा फोन आले. तिघांनी विचारलं, "साहेब, एक पीस मिळेल का?" एकाला रानडुकरासाठी हवं होतं. दुसऱ्याने कशासाठी ते सांगितलं नाही, पण तो येवल्याकडचा होता, आणि तिकडे ममदापूरला काळविटं आहेत. तिसऱ्याने भाव विचारून फोन ठेवला. त्यांना वाटलं, हे यंत्र जंगलात जनावर दाखवतं. असं वाटायला लावलं तुमच्या मथळ्याने. कायद्याचा प्रश्न काढणाऱ्या वाचकांना सांगतो, या देशात यातलं एकही मी कुणाला विकलेलं नाही, विकणार नाही. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करावा, माझ्याकडे नाही.

चौथा आणि पाचवा फोन शिव्या देण्यासाठी होता. सहावा सिन्नरकडच्या एका मेंढपाळाचा. त्याला हरणाशी देणंघेणं नव्हतं. रात्री वाड्यातून मेंढी निघून गेली तर सापडेल का, एवढंच विचारत होता. तो पुढच्या रविवारी येऊन गेला. ते दोन पाय काढून टाकले, चिमटा कापडी पट्ट्यात शिवून दिला. त्याने विचारलं, बॅटरी किती चालते? मी म्हटलं, पाच दिवस. तो म्हणाला, "मालक, पाच दिवस कशाला? आमच्याकडं लांडगा आहे. मेंढी हाय का न्हाई ते पहिल्या रातीलाच ठरतं." मग त्याच्यासाठी शिट्टी जास्त जोराची आणि सेल एका रात्रीपुरता असा बदल करायचं काम सध्या शेडमध्ये चालू आहे.

तेवढी दुरुस्ती छापावी ही विनंती. 'शिकार शोधणारं यंत्र' याऐवजी 'बाण लागलेलं जनावर शोधणारं यंत्र'. चौकट लहान असली तरी चालेल, पण मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर.

आपला,
एक जुना वाचक
सिडको, नाशिक
(नाव आणि पत्ता सोबत जोडला आहे, कृपया छापू नये. आणखी फोन नकोत.)